‘उक्ते’ : विशेषण की क्रियाविशेषण?

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतीव्यवहारात ‘उक्ते’ हा शब्द नित्याचा आहे. ‘लिंबाची बाग उक्ती दिली’, ‘झाडाचा आंबा उक्ता घेतला’, ‘निंदणीचे काम उक्ते दिले’ अशी वाक्ये तेथील विद्यार्थी घरीच ऐकतो. वर्गात पदपरिचय करताना मात्र तो या शब्दाला विशेषण ठरवून मोकळा होतो, कारण शब्द नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो. हा निर्णय रूपापुरता खरा, अर्थाच्या दृष्टीने अपुरा होय.

‘मोठी बाग दिली’ येथे मोठेपण देण्यापूर्वीही बागेचेच असते. ‘उक्ती दिली’ येथे उक्तेपण बागेत नसून देण्याच्या रीतीत असते. बाग कशी दिली? वजनमाप न करता, एकरकमी मोल ठरवून. ‘ती चांगली गाते’ या वाक्याप्रमाणेच येथे रूप नामाशी जुळते, अर्थ क्रियापदाशी. ‘उक्त्याने दिली’ या तृतीयान्त पर्यायाने ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. सबब, अशा वाक्यांत ‘उक्ते’ हे रीतिवाचक क्रियाविशेषण मानावे.

‘उक्ते’ म्हणजे ‘घाऊक’ असे सांगणेही यामुळेच सदोष ठरते. घाऊक माल मोठ्या प्रमाणावर, पण मोजून विकला जातो. उक्ता माल मोजलाच जात नाही. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखालील बाजार समित्यांत उघड लिलाव आणि परवानाधारक मापाडी यांची व्यवस्था आहे. बांधावर उभी बाग उक्ती दिली, की मापाडी मध्ये येतच नाही. पुढे गारपीट झाली तर नुकसान व्यापाऱ्याचे. फळ अपेक्षेहून अधिक उतरले तर नफाही त्याचाच. मजुरीतही हेच. उक्ते घेतलेले काम लांबले, तर वाढलेल्या दिवसांची झळ मजुराला लागते. देणारा सुटतो, घेणारा बांधला जातो. जोखीम कोणाकडे गेली हे शेजारच्या क्रियापदावरूनच कळते.

बोलींवरील प्रबंधांच्या शब्दसूचीत ‘उक्ते : ठोक, घाऊक’ एवढीच नोंद केल्यास शब्द टिकेल, व्यवहार मात्र हरवेल. ‘उक्ते देणे’ व ‘उक्ते घेणे’ अशा स्वतंत्र नोंदी, प्रत्येकी एका पूर्ण वाक्यासह, व्हाव्यात. ग्रामीण कथेतील सौद्याचे मर्म जाणण्यासही त्याच उपयोगी पडतील.