थंडी पडलीच नाही म्हणता?

‘यंदा म्हणावी तशी थंडी पडलीच नाही बाई!’ जानेवारी निम्मा उलटला की हे वाक्य लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, फोनवर हमखास कानावर येतं. तुमच्याही कपाटात एखादा स्वेटर घडी न मोडता तसाच राहिला असेल. पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं, दहा वाजता उन्हात उभं राहवत नाही आणि दुपारी कुणीतरी उठून पंखा एकवर लावतं. मग या दिवसांना म्हणायचं तरी काय?

पंचांग उघडून बघा. माघ आणि फाल्गुन हे शिशिराचे महिने, वसंत सुरू होतो चैत्रात. पण वसंत पंचमी येते माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे ऐन शिशिरात! आपल्याकडचा वसंत दाराची कडी वाजवून येत नाही. शिशिर ओसरीवर बसलेला असतानाच तो मागच्या अंगणात हजर झालेला असतो. थंडी किती पडली याचा हिशेब करत बसलो, तर तो आलेला कळतसुद्धा नाही. म्हणून आज त्याच्या चार खुणा तुमच्याशी बोलायच्या आहेत. सगळ्या फुकट आणि घरबसल्या दिसणाऱ्या.

पहिली खूण उजेडाची. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जानेवारी संपेपर्यंत तोच साडेसहाच्या आसपास मावळायला लागतो. सकाळ मात्र इतक्या लवकर बदलत नाही. सर्वांत उशिराचा सूर्योदय आपल्याकडे जानेवारीच्या मध्यावर असतो. म्हणजे संक्रांत झाली तरी मुलांना शाळेसाठी अंधारातच उठवावं लागतं, पण संध्याकाळी खेळायला त्यांना अर्धा तास जास्त मिळालेला असतो. ऑफिसातून येताना रस्त्यावर अजून उजेड असतो, संध्याकाळचा चहा दिवा न लावता होतो. दिवस मोठा होतोय हे अंगाला असं कळतं.

दुसरी खूण आवाजाची. दुपारची वेळ, भांडी आवरून झालेली आणि बाहेर कुठेतरी ‘टुक्, टुक्, टुक्’ असा एका लयीत ठोका. तांब्याच्या भांड्यावर कासारानं हातोडी चालवावी तसा! हा तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा असलेला हा पक्षी पानांत असा मिसळतो की सहसा दिसत नाही. तो वर्षभर इथेच असतो, पण थंडी सरायला लागली की त्याचा ठोका वाढतो. पुढे कोकीळही गळा साफ करायला लागतो. ‘कोकिळा गाते’ असं आपण म्हणतो खरं, पण ‘कुहू’ करणारा तो काळा नर असतो. ठिपक्याठिपक्यांच्या मादीचा आवाज अगदी वेगळा, घाईघाईचा. एकदा मुलांना हा फरक सांगा, पुढच्या वेळी तीच तुम्हाला हाक मारून दाखवतील.

तिसरी खूण झाडांची. काटेसावर पानं गाळून उघडी होते आणि फांद्यांवर गोट्यांसारख्या कळ्या धरते. मग जाड, मांसल पाकळ्यांचं लालभडक फूल उमलतं. आत मधाची वाटी भरलेली, त्यामुळे बुलबुल, साळुंक्या, कावळे आणि खारी यांची सकाळपासून पंगत बसते. पांगारा आणि पळसही असेच, आधी पानांचा संसार मोडतात आणि मग फुलतात. त्यात शहाणपण आहे. कोरड्या दिवसांत पानं नसली की पाणी वाचतं, आणि पानांचा आडोसा नसला की लाल-केशरी फुलं पाखरांना लांबून दिसतात. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या भोरड्या थव्याथव्यानं या फुलांवर उतरतात. परदेशातून आलेल्या या पाहुण्या, उन्हाळा वाढला की परत जातात. त्यांना पळसमैना असंही नाव आहे, ते उगाच नाही.

तुम्ही महाराष्ट्रापासून दूर राहत असाल तरी काही बिघडत नाही. हीच काटेसावर दिल्लीत ‘सेमल’ होते आणि जरा उशिरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते. गुजरातेत ती ‘शीमळो’. बंगळुरूत असाल तर रस्त्याकडेची टबेबुयाची झाडं गुलाबी झालेली दिसतील. त्या झाडाला तिथले लोक काय म्हणतात, ते शेजारणीला विचारा. नव्या गावात ओळख वाढवायला झाडासारखा सोपा विषय नाही.

चौथी खूण स्वयंपाकघरातली. या दिवसांत बाजारात थंडीचा शेवट आणि वसंताची सुरुवात एकाच टोपलीत मिळते. तुरीच्या ओल्या शेंगा, मटार, गाजरं, ओली हळद, बोरं, आणि गड्डी बांधून आलेले हरभऱ्याचे डहाळे. सोलाणे सोलत बसायचं कंटाळवाणं काम टीव्हीसमोर सगळ्यांनी मिळून केलं की निम्मे तोंडातच जातात आणि आमटीला कमी पडतात, तीच मजा. डहाळे हाताळल्यावर बोटं चाटून बघा, आंबट लागतात. ही हरभऱ्याची आंब. शेतात रात्री रोपांवर स्वच्छ फडकं पसरून, पहाटे ते पिळून आंब गोळा करायची आणि पोटदुखीसाठी जपून ठेवायची, अशी आपल्याकडची जुनी रीत. ज्वारीचा हुरडाही याच दिवसांतला. आगटीत भाजलेल्या कणसाची सर तव्याला नाही, पण लसणाची चटणी आणि गुळाचा खडा जवळ असला की घरातही चार घास जास्त जातात.

आता आंब्याकडे वळू, कारण सौम्य थंडीला दुसरी बाजूही आहे. आंब्याला मोहोर धरायला गार रात्री लागतात. त्या पुरेशा मिळाल्या नाहीत तर मोहोर लांबतो, कधी मोहोराच्या जागी नुसती पालवी फुटते. मोहोर आल्यावर आभाळ दाटलं की तुडतुडे आणि भुरी येतात, मग फवारणीवर फवारणी. एकेका तुऱ्यात फुलं असतात शेकड्यांनी-हजारांनी, पण शंभरातल्या एका फुलाचंही शेवटपर्यंत फळ होत नाही. आपण ‘यंदा बरं झालं, थंडी नाही’ म्हणतो, तेव्हा कोकणातला बागायतदार रात्री अंगणात उभा राहून गारठा किती आहे याचा अंदाज घेत असतो. मोहोराचा वास आला की आपल्याला आनंद होतो, त्याला हायसं वाटतं. मे महिन्यात पेटीचा भाव ऐकून डोळे पांढरे होतील, तेव्हा या गार न झालेल्या रात्री आठवा.

एवढ्या बारीकसारीक खुणा लक्षात ठेवून काय मिळतं, असं वाटेल. माझ्या सासूबाईंचं सांगते. त्या ऐंशीच्या आहेत. गुडघ्यांमुळे खाली उतरणं बंद झालं, तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी हेच त्यांचं अंगण. समोर पार्किंगच्या कडेला एक काटेसावर आहे. कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितात तिथेच त्या बारीक अक्षरात टिपून ठेवतात, ‘सावर, पहिलं फूल’, ‘तांबट बोलला’, ‘खारीची पिल्लं’.

मागच्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती सावर तोडायचा विषय निघाला. गाड्यांवर फुलं पडतात, काच चिकट होते, उन्हाळ्यात कापूस उडून घरात येतो. तक्रारी काही खोट्या नव्हत्या. शहरातलं झाड असं मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. १९७५च्या कायद्यानुसार सोसायटीच्या आवारातल्या झाडालाही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘मग अर्ज करून टाकू,’ असं ठरत होतं. मी वर जाऊन आईंची दोन वर्षांची कॅलेंडरं घेऊन आले आणि तारखा वाचून दाखवल्या, एवढंच. तळमजल्यावरचे काका म्हणाले, अहो, त्यातल्या एका खारीला आमचा नातू रोज शेंगदाणे ठेवतो. मग आणखी कुणाला काय काय आठवत गेलं. झाडाविषयीच्या तक्रारी सगळ्यांकडे तयार होत्या, पण ते झाड वर्षभर काय करतं याची नोंद फक्त घरात बसून असलेल्या एका आजींकडे होती.

विषय अजून मिटलेला नाही, पुढे ढकललाय. फुलांचे दोन महिने खालच्या तीन गाड्या दुसरीकडे लावायच्या, असं तूर्त ठरलंय. पण आता मीटिंगमध्ये ‘ते पार्किंगमधलं झाड’ कुणी म्हणत नाही, ‘सावर’ म्हणतात. आणि जिन्यात भेटलं की लोक विचारतात, आजींनी यंदा पहिलं फूल कधी लिहिलं? दिवसभर एकट्या असलेल्या बाईला रोज कुणी काहीतरी विचारणं ही किती मोठी गोष्ट असते, हे ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना सांगायला नको.

तेव्हा यंदा तुम्हीही एवढं करा. खिडकीतून दिसणारं एक झाड निवडा. त्याचं नाव ठाऊक नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, नाहीतर रोज ते झाडणाऱ्या मावशींना विचारा. त्यांना ते पानगळीवरून बरोबर ओळखता येतं. मग दुधाच्या हिशेबाशेजारी तारीख टाकून लिहायला लागा. पहिली कळी, पहिलं गळलेलं पान, पहिली कुहू. कडुलिंब पिवळा पडून झडेल आणि पाडव्याच्या सुमारास कोवळ्या तांबूस पालवीनं भरेल, तोवर तुमचं एक पान भरलेलं असेल. लिहिण्याचं काम घरातल्या सर्वांत लहान किंवा सर्वांत मोठ्या माणसाकडे द्या. वेळ त्यांच्याकडेच असतो, आणि नजरही.