शेवटचा स्वर

गेल्या महिन्यांत नातवानें रॉय ऑर्बिसन या अमेरिकन गायकाची, १९६२ सालीं निघालेली 'क्राइंग' ही तबकडी आम्हांस ऐकविली. रॉक संगीत म्हणजे निव्वळ कोलाहल, हें मत आम्ही पुष्कळ वर्षें बाळगून होतों. त्याला धक्का बसला, हें वाचकांपाशीं कबूल करणें भाग आहे.

ऑर्बिसनचा जन्म १९३६ चा, टेक्सासांतला. नॅशव्हिल येथें 'मॉन्युमेंट' कंपनीच्या फ्रेड फॉस्टर यानें त्याच्या गळ्यामागें व्हायोलिनांचा ताफा उभा केला. १९६१ चें 'रनिंग स्केअर्ड' हें गीत याच तबकडींत आहे. त्यास ध्रुवपद मुळींच नाहीं! प्रेयसी पूर्वीच्या प्रियकराकडे परत तर जाणार नाहीं ना, या धास्तीनें पछाडलेला पुरुष प्रथम हलक्या आवाजांत, बोलावें तसा, गाऊं लागतो. खालीं गिटारीचा ठेका एकसारखा चाललेला असतो. मग एकेक वाद्य येऊन मिळतें, स्वर चढत जातो, आणि जेमतेम दोन मिनिटांत सारा वाद्यवृंद शिखराला पोंचतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळीं शेवटचा उंच स्वर तो प्रथम कृत्रिम बारीक आवाजांत लावी, आणि वाद्यांच्या गजरांत तो बुडून जाई. फॉस्टरच्या सांगण्यावरून त्यानें तो खुल्या गळ्यानें लावला. तोच आज ऐकूं येतो.

'क्राइंग'मध्यें पूर्वीची प्रेयसी भेटते, कुशल इच्छिते, निघून जाते. आणि हा रडतो, व रडतों म्हणून उघड सांगतो. पुढें १९६६ मध्यें त्याची पत्नी अपघातांत गेली, १९६८ मध्यें घराला आग लागून दोन मुलगे गेले. गाण्यांतील शोक या आघातांतून आला असें कोणास वाटेल. पण हीं गाणीं आधींचीं आहेत.

भवभूतीचा राम पंचवटींत मूर्च्छा येईपर्यंत रडतो. तो भाग आम्ही वर्गांत मोठ्या रसिकतेनें शिकवीत असूं. त्याच वर्गांत, आई वारल्यानंतर प्रथमच शाळेंत आलेला एक विद्यार्थी बाकावर डोकें टेकून हुंदके देऊं लागला, तेव्हां "पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?" असें आम्हींच त्यास दरडावलें होतें. त्यानें डोळे पुसले व पुस्तक उघडलें.

तबकडी संपल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, आतां दुसरी लावूं?"

"नको. तें 'क्राइंग' पुन्हां लाव."