रिव्हर्स टाकताना गाडी ‘खर्रर्र’ का करते?

गाडी घेऊन दक्षिणेच्या यात्रेला निघालेल्या मराठी कुटुंबांचा मुक्काम अनेकदा कुंभकोणमला पडतो. सूर्यनार कोविल, आलंगुडी, कंजनूर, तिरुनागेश्वरम् ही नवग्रहांची देवळे याच परिसरात आणि दारासुरमचे चोळकालीन मंदिर तर अगदी हाकेच्या अंतरावर. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचाच.

मात्र सारंगपाणी किंवा आदि कुंभेश्वर मंदिराच्या आसपास गाडी घातली, की चालकाची परीक्षा सुरू होते. रस्ते अरुंद, दुतर्फा दुकाने, सायकली आणि भाविकांची गर्दी. समोरून एखादी गाडी आली, की कुणीतरी मागे सरकलेच पाहिजे. नेमका त्याच वेळी रिव्हर्स टाकताना गिअरबॉक्समधून ‘खर्रर्र’ असा आवाज येतो, मागच्या सीटवरची मंडळी दचकतात आणि चालकाच्या पोटात गोळा येतो. गिअरबॉक्स गेला की काय?

बहुतेक वेळा तसे नसते.

रिव्हर्सच का ओरडतो?

पुढे जाण्याच्या गिअर्सना सिंक्रोमेश नावाची सोय असते. दोन चाकांचे दाते एकमेकांत गुंतण्यापूर्वी ती त्यांचा वेग सारखा करते. १९२८ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत ती प्रथम आली आणि पुढे घरोघरच्या मोटारींत पोचली. रिव्हर्स मात्र गाडी उभी असतानाच टाकायचा, म्हणून अनेक गाड्यांत त्याला ही सोय दिलेलीच नसते. तेथे सरळ दात्यांचे एक छोटे चाक सरकत येऊन दुसऱ्या दोन चाकांमध्ये बसते. त्यातले एखादे चाक अजून फिरत असेल, तर दाते दातांवर घासतात. तोच तो आवाज.

रिव्हर्समध्ये गाडी चालताना येणारा ‘ऊंऽऽ’ असा बारीक सूर वेगळा. तो सरळ दात्यांचा स्वभावच आहे. त्याची काळजी नको.

चार सोप्या परीक्षा

पहिली परीक्षा धीराची. गाडी पूर्ण थांबू द्या. क्लच तळापर्यंत दाबा; पायाखालचा गालिचा पेडलच्या आड येत नाही ना, तेही पाहा. आता मनात तीन-चार आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. क्लच दाबल्यावरही आतली दांडी क्षणभर आपल्या वेगाने फिरत राहते. थांबल्यावर आवाज आला नाही, तर दोष गाडीचा नसून घाईचा आहे.

दुसरी परीक्षा: क्लच दाबलेलाच ठेवून आधी पहिला गिअर टाका आणि तेथून लगेच रिव्हर्सला या. पहिल्याचा सिंक्रोमेश फिरणाऱ्या दांडीला थांबवतो आणि रिव्हर्स मुकाट्याने पडतो. घाईच्या वेळी ही युक्ती फार कामाची. पण पुरेसे थांबूनही आवाज येत असेल आणि दर वेळी हीच युक्ती करावी लागत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. अशा गाडीत पहिला गिअरही जड पडतो.

तिसरी परीक्षा: इंजिन बंद करून रिव्हर्स टाकून पाहा. बंद इंजिनावर सहज पडतो आणि चालू इंजिनावर ओरडतो, म्हणजे संशय क्लचवरच. बंद इंजिनावरही अडला, तर दाते दातांसमोर आले असतील. न्यूट्रलमध्ये गाडी वीतभर ढकलून पुन्हा टाका. तरीही अडत असेल, तर गिअरच्या दांडीचे सांधे आणि बुश तपासायला हवेत.

चौथी परीक्षा मोकळ्या, सपाट जागी करावी. गाडीच्या मागेपुढे कोणी नको. इंजिन चालू, रिव्हर्स पडलेला, क्लच पूर्ण दाबलेला. आता ब्रेकवरचा पाय हलकेच उचला, पण तयार ठेवा. गाडी आपोआप सरकू लागली, तर क्लच सुटत नाही हे नक्की.

मिस्त्रीला काय सांगावे?

घरापासून हजार किलोमीटरवर, भाषा येत नसताना कोणी ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हटले, की माणूस गांगरतो. या चार परीक्षा केलेल्या असल्या, तर बोलण्याला आधार मिळतो. तमिळ येत नसले, तरी इंजिन बंद करून आणि चालू करून फरक ऐकवता येतो.

स्वस्त गोष्टी आधी पाहायला सांगा. मारुती ८०० सारख्या गाडीत क्लच केबलवर चालतो. केबल सैल झाली, की पेडल तळाला जाऊनही क्लच अर्धवटच सुटतो. हे काम नुसत्या अ‍ॅडजस्टमेंटने भागते. केबल जास्त ताणणेही वाईट, कारण मग क्लच घसरू लागतो. क्लच तेलावर चालणारा असेल, तर डबीतील पातळी पाहा. तेल कमी झाले असेल, तर नुसते भरून निघू नका. गळती शोधा आणि आत शिरलेली हवा काढून घ्या. इंजिनची रेस गरजेपेक्षा जास्त ठेवली असली, तरी आवाज वाढतो. हे सारे ठीक निघाले, तरच क्लचप्लेट आणि प्रेशरप्लेटची पाळी.

गिअरबॉक्सवर खरा संशय केव्हा घ्यावा? रिव्हर्स पडल्यानंतर, गाडी चालतानाही खडखड सुरू राहिली, गिअर आपोआप निसटू लागला, किंवा काढलेल्या गिअर ऑइलमध्ये धातूचे कण दिसले, तर. मग चालढकल करू नये.

किरकोळ वाटणारा आवाजही वर्षानुवर्षे चालू देणे महागात पडते. दर वेळी दातांच्या कडा झिजतात, टवके तेलात मिसळतात आणि बेअरिंगपर्यंत पोचतात. केबलच्या किरकोळ कामाचे मग गिअरबॉक्सचे काम होते.

पैशाहून मोठी गोष्ट आणखी एक आहे. गिअर पडत नाही म्हणून चिडून दांडी हाणली आणि क्लच सोडला, तर गाडी झटक्यात मागे उसळते. मागे एखादे मूल असू शकते. म्हणून गर्दीत रिव्हर्स घेताना घरातील एका मोठ्या माणसाला खाली उतरवावे. त्याने गाडीच्या पाठीमागे नव्हे, तर बाजूला, चालकाला आरशात दिसेल असे उभे राहावे. मागच्याने हॉर्न कितीही वाजवला, तरी तीन-चार आकडे मोजायला विसरू नये.