अंजीर लावा, पण चिकापासून जपा

परसात अंजिराचे झाड जरूर लावा. पण रोपवाटिकेने रोपाबरोबर एक सूचनाही द्यायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. अंजिराच्या पानांत आणि पांढऱ्या चिकात सोरालेन गटातील द्रव्ये असतात. चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की ती भाजते. पुरंदरकडे मीठ्या बहाराची तोडणी होते ती नेमकी मार्च-एप्रिलच्या उन्हात. उघड्या हातांनी फांद्या हाताळणाऱ्याला त्या वेळी काहीच जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी लाल पट्टे, फोड उठतात आणि घरचे ‘नागीण’ समजून लेप लावत बसतात. मागे राहिलेले काळे डाग काही महिने जात नाहीत.

बावचीतही हीच द्रव्ये असतात. कोडावर ती वापरतात, पण मोजून आणि देखरेखीखाली. म्हणून चामखिळीवर अंजिराचा चीक लावणे मला मान्य नाही. मुलांना तर नाहीच नाही.

झाडाचे काम संध्याकाळी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून करा. चीक लागलाच तर लगेच साबणाने धुवा, दोन-तीन दिवस तो भाग झाकून ठेवा. फोड आले तर फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि अंजिराला हात लावला होता, हे आवर्जून सांगा.