टर्बोचा भरवसा

"टर्बो आहे ना गाडीला, मग उंचीचं काय घेऊन बसलात?" गाडीने लडाखला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींकडून हे मी कितीदा तरी ऐकलं आहे. ते धादांत खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण ते अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक त्यावर भरवसा ठेवतात आणि वर जाऊन अडकतात.

हा भरवसा आपल्याच घाटांत तयार होतो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी. साध्या इंजिनाची तेवढी दमछाक होते, पण टर्बो थोडा जास्त वेगाने फिरून ती तूट भरून काढतो आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आंबेनळी घाट सहज चढला, मग लडाखची खारदुंगला खिंड का नाही चढणार? नेमकी इथेच चूक होते. खारदुंगला ५,३५९ मीटरवर आहे (खिंडीतल्या पाटीवरचा आकडा याहून मोठा आहे, तो सोडून द्या). तिथे दाब निम्म्यावर आलेला असतो. प्राणवायूचं प्रमाण तिथेही २१ टक्केच. अख्खी हवाच विरळ झालेली असते.

आता हिशेब मांडू. समजा, समुद्रसपाटीला तुमचा टर्बो हवेचा दाब दुप्पट करून ती सिलिंडरमध्ये कोंबतो. खिंडीत तेवढाच दाब हवा असेल, तर बाहेरच्या हवेचा दाब चौपट करावा लागेल. छोट्या गाडीतल्या एकट्या टर्बोची सहसा तेवढी तयारी नसते. त्याच्या चाकाच्या वेगाला मर्यादा आहे. हवा जितकी जास्त दाबावी तितकी ती तापते, आणि ती थंड करणाऱ्या इंटरकूलरवरून वाहणारी हवाही विरळच. मग इसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) उतरवतो, इंधन आवरतो. गाडी मरगळते. लोक म्हणतात, बिघाड झाला. खरं तर टर्बो फुटू नये म्हणून गाडीने स्वतःला सांभाळलेलं असतं.

यावर दुसरा पक्ष लगेच म्हणतो, "मग टर्बो नसलेलीच गाडी बरी." हेही मला मान्य नाही. साधं इंजिन त्या खिंडीत जवळजवळ निम्मी ताकद गमावून बसतं, आणि ती भरून काढायला त्याच्याकडे काहीच नसतं. विरळ हवेवर टर्बो हाच उतारा आहे, हे १९१८ सालीच सिद्ध झालं. सॅनफर्ड मॉस या अमेरिकी इंजिनिअरने विमानाचं लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, १४,००० फुटांवर नेऊन चालवलं. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन शिखरावर टर्बोशिवाय २३० वर आलं आणि टर्बो लावल्यावर ३५६ वर गेलं. पण तो टर्बो उंचीसाठीच बनवलेला होता. आपल्या गाडीतला टर्बो बनवलेला असतो शहरासाठी आणि हायवेसाठी. त्याच्यात राखीव ताकद किती, यावर सगळं अवलंबून आहे.

आणि ती राखीव ताकदही टर्बो फिरू लागल्यावरच कामी येते. लेहहून वर जाताना, साउथ पुल्लूच्या पुढे, उखडलेल्या चढावर समोरचा ट्रक थांबला म्हणून आम्हीही थांबलो. एक लिटरचं टर्बो पेट्रोल, आत पाच माणसं, डिकी गच्च. पहिला गिअर टाकून क्लच सोडला, गाडी बंद. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हाफ क्लचवर रेटली तेव्हा हलली, पण क्लच जळाल्याचा वास गाडीभर झाला. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो. कमी आरपीएमला तो जोर नसतो, आणि तोवर इंजिन साधंच असतं. त्या हवेत एक लिटरचं इंजिन अर्ध्या लिटरचं होतं. खाली सिग्नलला ही उणीव जेमतेम जाणवते. वर गाडी तिथेच अडते. शेवटी तिघं उतरून चालत पुढे गेले. मी आरपीएम अडीच हजारांच्या खाली येऊ दिला नाही, पहिला गिअर सोडला नाही, आणि गाडी चढली.

म्हणून गाडी विकणाऱ्यांकडे माझी एक साधी मागणी आहे. ब्रोशरमध्ये ताकदीचा एकच आकडा असतो, तो समुद्रसपाटीजवळच्या हवेतला. त्याच्या शेजारी लेहच्या उंचीचा, म्हणजे ३,५०० मीटरवरचा आकडाही छापा, आणि तिथे बूस्ट किती आरपीएमला मिळू लागतो तेही लिहा. जाहिरातीत गाडी बर्फाच्या डोंगरांपुढे उभी करताच आहात, तर हे दोन आकडे गिऱ्हाइकाच्या हक्काचे आहेत.