विणून झालं, स्वेटर कुठाय?

निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली, की आमच्या नाशिकच्या घरी पिशव्या यायला लागतात. पिशवीत पाठ, पुढचा भाग, दोन बाह्या आणि उरलेला अर्धा गुंडा. "मावशी, विणून झालाय, फक्त जोडायचा राहिलाय." फक्त म्हणे! ज्या बाळासाठी विणला ते कधीकधी शाळेत जायला लागलेलं असतं.

हाताने विणायला आता वेळ कुणाला आहे, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. चारही भाग विणायला वेळ मिळालेला असतो, तोही नक्षीसकट. गाडी अडते ती पुढे, कारण टाके बंद केल्यानंतरचं काम कुणी शिकवतच नाही. व्हिडिओत नक्षीची एकेक ओळ सावकाश दाखवतात आणि मग एकदम तयार स्वेटर! काहीजणी शिंप्याकडे मशीन मारून आणतात. विणीला ताण असतो, त्या शिवणीला नसतो. दोन-चारदा घालता-काढता दोरा तुटतो.

खरं तर दोन्ही भाग सुलट बाजू वर करून शेजारी मांडायचे. कडेचा टाका आणि त्याला लागून असलेला टाका बोटाने जरा फाकवला, की मध्ये आडव्या धाग्यांची शिडी दिसते. बोथट सुईने डावीकडची एक पायरी उचलायची, मग उजवीकडची. सात-आठ पायऱ्या झाल्या की धागा हलकेच ओढायचा. शिवण आत बुडते आणि सांधा शोधावा लागतो. धागा जास्त ओढला तर चुण्या पडतात, कमी ओढला तर फटी दिसतात. बाहीचा मधला टाका आधी खांद्याच्या शिवणीवर टाचून घ्यावा, म्हणजे मुंढ्यातलं कमीजास्त दोन्हीकडे सारखं वाटता येतं. आणि टोकांना गाठी नकोत. त्या टोचतात, धुण्यात सुटतात. टोक लांब ठेवून शिवणीतच ओवून जिरवावं.

गळा तर परीक्षाच. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. पट्टी सुबक दिसावी म्हणून बायका टाके घट्ट बंद करतात, मग स्वेटर कानाशी अडतो आणि पोर भोकाड पसरतं. पट्टी १२ नंबरच्या सुईवर विणली असेल तर टाके बंद करताना १० नंबरची घ्यावी, ती जाड असते. वर गरम इस्त्री तर अजिबात दाबू नये. आपण लोकर म्हणून आणतो ते बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक असतं. इस्त्रीने पट्टीचा ताण एकदा गेला की परत येत नाही.

गोल सुईवर बिनशिवणीचा स्वेटर विणा, असा सल्ला हल्ली फार मिळतो. एलिझाबेथ झिमरमन यांच्या १९७१ च्या 'निटिंग विदाउट टियर्स'नंतर ती पद्धत बरीच पसरली. अस्सल लोकरीला ती शोभतेही. पण आपलं अ‍ॅक्रिलिक निसरडं, मोठ्या मापाचा स्वेटर स्वतःच्या वजनाने लोंबतो. त्याला खांद्याची आणि कडेची शिवण पेलून धरते. मी तरी शिवणीच्याच बाजूची.

मशीनवर स्वेटर विणणाऱ्या कारखान्यांतसुद्धा जोडणीला वेगळा, कसबी कारागीर लागतो. लिंकिंग मशीनच्या चकतीवरच्या दात्यांत तो गळ्याचा एकेक टाका हाताने अडकवतो. कारखान्याला जे कळतं ते आपल्याला कळत नाही. "जोडायचेसुद्धा पैसे?" हा प्रश्न मला दर हिवाळ्यात ऐकावा लागतो. मी घेते आणि वेगळे घेते.

बचत गटांच्या आणि सोसायट्यांतल्या विणकाम वर्गांना माझं एक सांगणं आहे. पहिल्या दिवशी नक्षी काढू नका. साध्या सुलट-उलट विणीचे दोन चौकोन विणून घ्या आणि ते जोडायला लावा, उसवायला लावा, पुन्हा जोडायला लावा. कुणी कंटाळून वर्ग सोडला तर सोडू दे. निदान कपाटात चार तुकडे तरी पडून राहणार नाहीत.