भिंतीवरची अक्षरे का गळतात?



मागच्या काही वर्षांत आपल्या घरांतून आणि अभ्यासिकांतून एक चांगली चाल पडली आहे. दर्शनी भिंतीवर न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता हे चार शब्द ठळक अक्षरांत लावायचे. कुणी मुलांच्या अभ्यासाच्या टेबलासमोर एखादा चांगला शब्द लावतो, कुणी दारावर आईवडिलांचे नाव. पूर्वी या कामाला पेंटर यायचा, सुतळीने रेघ मारायचा आणि ब्रशने लिहायचा. आता सदरमधल्या एखाद्या रेडियमच्या दुकानात शब्द सांगितले की मशीन तासाभरात अक्षरे कापून देते.

पण तक्रारही तितकीच ऐकू येते. "दादा, परवाच लावले ना जी, आज पाहतो तं 'बंधुता'तला टिंब खाली! काहून गळून राहिले हे अक्षरं?" बंधुताची 'बधुता' झाली की पाहणारे हसतात आणि लावणाऱ्याचा जीव खालीवर होतो. मग दोष कुणाला? जो पोरगा अक्षरे लावून गेला, त्याला. मंडळ त्याचे उरलेले पैसे अडवून ठेवते. तो पोरगाही आपल्यासारख्याच वस्तीतला, रोजच्या कमाईवर घर चालवणारा. आणि जे पैसे वाया गेले म्हणायचे, तेही धुणीभांडी करणाऱ्या, हमाली करणाऱ्या माणसांच्या वर्गणीचे. म्हणून या लहान दिसणाऱ्या विषयावर आम्ही आज लिहीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : अक्षरे बहुधा भिंतीमुळे गळतात, आणि भिंत बिघडते ती आपल्या घाईमुळे.

हे रेडियम म्हणजे काय ते आधी पाहू. नाव रेडियम, पण त्यात त्या धातूचा अंशही नसतो. तो पीव्हीसी प्लास्टिकचा, म्हणजे विनाइलचा पातळ पापुद्रा असतो. पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने १९२६ साली काढली. नुसत्या दाबाने चिकटणारी लेबले स्टॅन्टन एव्हरी यांनी १९३५ साली अमेरिकेतच बनवली. आजचे स्टिकर या दोन्हींच्या मेळातून झाले आहे. त्याचा गोंद फेव्हिकॉलसारखा वाळून घट्ट होत नाही. तो चिकटच राहतो आणि दाब दिला की हळूहळू भिंतीच्या बारीक खाचांत पसरतो. म्हणून लावल्याबरोबर पकड कच्ची असते आणि पुढच्या दोनतीन दिवसांत ती वाढते. मात्र त्याला पक्की, कोरडी आणि स्वच्छ जागा लागते. मध्ये भुकटी आली तर गोंद भुकटीलाच धरतो, भिंत सुटूनच राहते.

ज्या भिंतींवर अक्षरे टिकत नाहीत, त्या चार प्रकारच्या.

पहिली, चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची. मंगळवारी, गड्डीगोदाम भागातल्या जुन्या कवेलूच्या घरांत अशा भिंती अजून आहेत. तळहात फिरवून पाहा. हात पांढरा झाला तर तिथे कोणतेही स्टिकर टिकणार नाही. जुना थर खरवडून, काचपेपर मारून, प्रायमर आणि पुट्टी करून वर प्लास्टिक पेंटचे दोन हात द्यावे लागतील.

दुसरी, ओल असलेली. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि ते बाहेर पडायला वेळ लागतो. आपल्या नागपुरात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे उन्हाळ्यातला कूलर. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, कूलर दिवसरात्र चालतो आणि त्याच्या ओल्या वाऱ्यासमोरची भिंत दमट राहते. त्या भिंतीवर अक्षरे लावू नका. ओल तपासायची सोपी रीत आहे. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीला बंद करा आणि एक दिवस राहू द्या. आतून थेंब दिसले किंवा खालचा रंग काळपट झाला, तर भिंत ओली आहे.

तिसरी, ताज्या रंगाची. सर्वांत जास्त फसगत इथेच होते. प्लास्टिक पेंट तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला तीनचार आठवडे घेतो. तोवर त्यातून वाफ निघतच असते. तिला स्टिकरमधून वाट मिळत नाही, मग अक्षराखाली फुगे येतात आणि कडा उचलतात. ऑइल पेंट असेल तर आणखी धीर धरावा.

चौथी भिंत दिसायला सर्वांत चांगली असते : डाग पुसून निघणाऱ्या भारी रंगाची. अशा काही रंगांत डाग धरू नये म्हणून मेणासारखी किंवा सिलिकॉनसारखी द्रव्ये घातलेली असतात. जी भिंत डागाला धरत नाही, ती गोंदालाही धरत नाही. खरबरीत, दाणेदार नक्षीच्या भिंतीचेही तसेच. तिथे गोंद फक्त दाण्यांच्या टोकांना टेकतो. साधा, गुळगुळीत, किंचित चमक असलेला रंग या कामाला बरा.

आता परीक्षा. खर्च काही नाही. चिकटपट्टीचा वीतभर तुकडा भिंतीवर दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. पट्टीवर भुकटी किंवा रंगाचे पापुद्रे आले तर काम थांबवा. पट्टी स्वच्छ निघाली तर दुकानातून त्याच स्टिकरचा एखादा टाकाऊ तुकडा मागून आणा, भिंतीच्या कोपऱ्यात लावा आणि आठ दिवस पाहा. तो राहिला तर अक्षरेही राहतील.

लावण्याच्या आधी भिंत पुसायची. मेणबत्ती, अगरबत्ती आणि फोडणीचा धूर भिंतीवर तेलकट थर धरतो, तो डोळ्यांना दिसत नाही. थोड्या साबणाच्या पाण्यात फडके पिळून पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा आणि एक दिवस वाळू द्या. फिनेल किंवा चमक आणणारे पॉलिश वापरू नका, त्यांचाच थर मागे राहतो.

रेघ सुतळीने आणि पेन्सिलने मारावी. अक्षरांवर जो वरचा कागद असतो, त्याच्यासकट ती भिंतीला लावून, फडके गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने मधून बाहेर घासत जावे. प्रत्येक कान्या-मात्रेवर जोर द्यावा. मग वरचा कागद सरळ समोर ओढू नये. तो भिंतीला लागूनच, उलटा दुमडत, सावकाश काढावा. शेवटी अक्षरे पुन्हा एकदा दाबून घ्यावीत. काचेवर लावताना साबणाचे पाणी मारतात, ते रंगाच्या भिंतीवर मारू नये. थंडीच्या दिवसांत काम पहाटे न करता दुपारी करावे, कारण गार भिंतीवर गोंद पसरत नाही.

आपल्या देवनागरीची एक वेगळी गोष्ट आहे. शिरोरेषेने शब्द जोडलेला असतो, त्यामुळे तो अखंड कापला तर मोठा तुकडा होतो आणि चांगला धरतो. पण संगणकावर अक्षरे एकजीव केली नाहीत, तर मशीन प्रत्येक जोडावर कापते आणि शब्दाचे तुकडे होतात. "शब्द जोडून कापा" असे दुकानात सांगावे. अनुस्वाराचे टिंब सुटे असते आणि त्याला गोंदाची जागाच थोडी, म्हणून तेच आधी पडते. टिंब ठळक घ्यावे आणि दोनचार जादा टिंबे कापून घरी ठेवावीत. कापण्याआधी कागदावर नमुना घेऊन घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडून शुद्धलेखन तपासून घ्यावे.

आता दिवसांचा हिशेब. आपली सवय अशी, की कार्यक्रम उद्या आणि रंग आज. १४ ऑक्टोबरच्या सुमारास पावसाळा नुकताच सरलेला असतो, भिंतींत पाणी असते. त्या दिवसासाठी नवा रंग देऊन लगेच अक्षरे लावणे म्हणजे पैसे पाण्यात. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले आणि २०१५ सालापासून तो दिवस देशभर संविधान दिन म्हणून पाळला जातो. त्यासाठी भिंत कोरडी आहे हे पाहून ऑक्टोबरच्या शेवटी रंग द्या आणि नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात अक्षरे लावा. १४ एप्रिलसाठी रंग मार्चच्या पहिल्या आठवड्यात उरकावा. त्या दिवसांत भिंती कोरड्या असतात, तेव्हा हेच दिवस सर्वांत चांगले.

एवढे करूनही भिंत ऐकत नसेल, किंवा खोली भाड्याची असेल आणि उद्या स्टिकरसोबत घरमालकाचा रंग निघण्याची भीती असेल, तर भिंतीचा नाद सोडावा. अक्षरे सनबोर्डवर किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पाटीवर लावावीत आणि पाटी खिळ्याला टांगावी. खोली बदलली तर पाटी सोबत येते. नाहीतर जुन्या पेंटरला बोलवा. ब्रशचे अक्षर रंगातच मिसळते, त्याच्या कडा उचलत नाहीत, आणि त्या हाताला चार दिवसांचे काम मिळते. उरलेले विनाइलचे कातरण मात्र शेकोटीत टाकू नका, पीव्हीसी जळाले की घसा जाळणारा विषारी वायू निघतो.

सदरला लागूनच सिव्हिल लाइन्समध्ये मध्यवर्ती संग्रहालय आहे, जुनी माणसे त्याला अजबबंगला म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकची शिळा तिथे आणली गेली. प्राण्यांना पकडू नये, मारू नये अशा अर्थाचा मौर्यकाळातला ब्राह्मी लेख तिच्यावर आहे. तेही अक्षर टिकले ते खालचा आधार पक्का होता म्हणून.

तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी काम ठरवतानाच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : भिंत कोण तपासणार, रंग कधी होणार, अक्षरे कधी लागणार. लावणारा पोरगा "भिंत कच्ची आहे जी, महिनाभर थांबा" म्हणाला तर त्याचे ऐकावे. आपण ऐकले नाही आणि टिंब पडले, तर त्याची मजुरी अडवू नये. ज्या भिंतीवर 'न्याय' लावायचा, तिच्या कामात कुणाचा घाम फुकट जाऊ नये, एवढे तर आपल्या हातात आहे.